पदके मिळाली, पेठ मिळाली नाही

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील मूकबधिर मुलांच्या शाही संस्थेचे प्रमुखपद १८६५ मध्ये रास्मुस मालिंग-हान्सेन या तरुण पाद्र्याकडे आले. संस्थेतील मुले बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर दाखवीत आणि त्यांची बोटे लेखणीहून कितीतरी वेगाने चालत. बोटांचा हा वेग कागदावर उतरवता येईल काय, या विचारातून त्यांच्या लेखनयंत्राचा जन्म झाला.

१८७० मध्ये त्यांनी या यंत्राचे पेटंट घेतले. पितळी अर्धगोलावर टाचण्या खोचाव्यात तशा कळा आणि प्रत्येक कळीच्या खालच्या टोकाला एक अक्षर, अशी त्याची रचना होती. कोणतीही कळ दाबली तरी अक्षर नेमके एकाच बिंदूवर उमटे. सर्वाधिक लागणारी अक्षरे सर्वांत चपळ बोटांखाली यावीत, याची काळजी त्यांनी प्रयोग करून घेतली होती. ‘लेखनगोल’ या नावाने हे यंत्र ओळखले जाऊ लागले.

डेन्मार्कची बाजारपेठ लहान होती. अशा यंत्राला मोठ्या कचेऱ्या आणि परदेशी ग्राहक हवे होते. त्या काळी परदेशात माल दाखवण्याचे मोठे व्यासपीठ म्हणजे जागतिक प्रदर्शने. १८७३ मध्ये व्हिएन्नात आणि १८७८ मध्ये पॅरिसमध्ये लेखनगोल मांडला गेला. पॅरिसमध्ये त्याला सुवर्णपदक मिळाले. युरोपात त्याचे काही ग्राहकही झाले. दृष्टी अधू झालेले जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांनी १८८२ मध्ये तो घेतला. मात्र इटलीतील जिनोव्हा शहरी पोहोचेपर्यंत प्रवासात यंत्र बिघडले. तेथील कारागिराने दुरुस्तीचा प्रयत्न केला, तरीही काही आठवड्यांतच नीत्शेंना त्याचा वापर थांबवावा लागला.

मालिंग-हान्सेन यांची अडचण या एका प्रसंगातून स्पष्ट होते. यंत्र कोपनहेगनमधील कुशल कारागीर हाताने घडवीत, त्यामुळे नग थोडे निघत आणि किंमत चढी राही. दूरच्या गिऱ्हाइकाला यंत्र नादुरुस्त झाल्यावर भरवशाचा आधार नव्हता. पदकाने नाव झाले, पण या उणिवा पदकाने भरून निघणाऱ्या नव्हत्या.

याच सुमारास अमेरिकेतील मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स टाइपरायटरवर काम करीत होते. जेम्स डेन्समोर यांनी यंत्र न पाहताच ६०० डॉलर देऊन त्यात चौथा हिस्सा घेतला. हा भागीदार नुसता पैसा घालून स्वस्थ बसला नाही. त्याने यंत्रे लघुलेखकांच्या हाती दिली, ती मोडू दिली, तक्रारी ऐकल्या आणि शोल्स वैतागले तरी सुधारणांचा आग्रह सोडला नाही. १८७३ मध्ये बंदुका व शिलाईयंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. पुढच्या वर्षी १२५ डॉलरला यंत्र बाजारात आले. आरंभीची विक्री बेताचीच होती. १८८२ मध्ये विक्रीचे काम विक्रीतच मुरलेल्या स्वतंत्र पेढीकडे गेले आणि धंद्याने खरा जोर धरला.

शोल्स यांनी मात्र आपले हक्क १२,००० डॉलरना आधीच विकले होते. पुढील भरभराटीचा लाभ मानधनाचा वाटा राखून ठेवणाऱ्या डेन्समोर यांना झाला.

१८९० या एकाच वर्षी दोन्ही संशोधकांचे निधन झाले. एकाचा लेखनगोल आज संग्रहालयांची शोभा आहे. दुसऱ्याच्या यंत्रावरील अक्षरांची मांडणी थोड्याफार फरकाने आजही प्रत्येक संगणकावर आहे. बुद्धीत मालिंग-हान्सेन कोठेही उणे नव्हते. त्यांना उणीव भासली ती मालातील दोष तोंडावर सांगणाऱ्या भागीदाराची, मोठ्या कारखान्याची आणि गावोगावी विक्री-दुरुस्ती सांभाळणाऱ्या पेढीची. नवा माल घेऊन परमुलखात उतरणाऱ्याने सन्मानपत्राआधी या तिघांचा शोध घ्यावा.