फोनवरच्या पुस्तकाला किती मोजावे?

पडघ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. छापील कादंबरी 300 रुपयांना आणि फोनवर वाचायची 250 ला. कागद नाही, बांधणी नाही, मग एवढे पैसे कशाचे, असं त्या विचारतात.

ताई, नाशिक हायवेलगतची गोदामं तुम्ही रोज पाहता. छापील पुस्तकाला कागद, छपाई, तसलं गोदाम, टेम्पो आणि दुकानदाराचं कमिशन लागतं. ई-पुस्तकाचा यातला बराच खर्च वाचतो. लेखकाची मेहनत मात्र तेवढीच, तेव्हा फुकट मागू नये. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे! छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरचा कर 2018 साली 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला, एवढंच.

माझी तक्रार वेगळीच आहे. छापील पुस्तक आपल्यानंतर जाऊबाई वाचतात, मग शेजारच्या काकू. शेवटी रद्दीवालाही चार पैसे देतो. फोनवरचं नणंदेला कसं देणार? 2009 साली अ‍ॅमेझॉननं विकलेली ऑर्वेलची '1984' ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. (पैसे परत केले म्हणा!) आपल्याला मिळते ती नुसती वाचायची परवानगी. तिला मी तरी निम्म्याहून जास्त मोजणार नाही.

आणि हो, पैसे भरण्याआधी सुरुवातीची काही पानं बहुधा फुकट वाचायला मिळतात. ती आधी वाचून घ्या.