जंगलात तो एकटा नव्हता

दाढीत बर्फ अडकलेला, अंगावर कातडं पांघरलेला, हातात बंदूक, मागे मैलोन्‌मैल पांढरं जंगल आणि सोबतीला कुणीही नाही. या माणसाशी माझं भांडण आहे. 'द रेव्हनंट'मध्ये तो लिओनार्डो डिकॅप्रिओ असतो, नेटफ्लिक्सच्या 'फ्रंटियर'मध्ये जेसन मोमोआ असतो, आणि गेम खेळताना तो आपण स्वतःच असतो. पिंपळे सौदागरच्या बॅचलर फ्लॅटांमध्ये त्याचे भक्त पैशाला पासरी. मीही त्यांच्यातच राहतो, म्हणून हे त्यांनाच उद्देशून लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. हा माणूस एकटा नव्हता. बहुतेक वेळा तो कुठल्यातरी कंपनीच्या पैशावर जगणारा नोकर होता, आणि थंडीत त्याला जिवंत ठेवणारी एक बाई होती. तिचं नाव कंपनीच्या पगारपत्रकावर नव्हतं. त्याच्या नोकरीला आपण साहस म्हणतो आणि तिच्या कामाला प्रेम. साहस म्हटलं की कंपनी दिसत नाही. प्रेम म्हटलं की मजुरी द्यावी लागत नाही.

आधी धंदा समजून घेऊ. युरोपात बीव्हर या प्राण्याच्या लवीपासून उंची टोप्या बनत. तिकडचे बीव्हर मारून संपत आले तेव्हा व्यापारी उत्तर अमेरिकेकडे वळले. 2 मे 1670 रोजी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने हडसन बे कंपनीला सनद दिली आणि त्या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा सगळा मुलूख तिच्या नावावर करून टाकला. हा राजा आपल्या ओळखीचा आहे. लग्नात पोर्तुगीजांकडून मिळालेली मुंबई 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने देणारा तो हाच. कॅनडाचं भाडं आणखी गमतीचं होतं: राजा त्या मुलखात पाऊल ठेवेल तेव्हा दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर. दोन वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने दोन कंपन्यांना दोन मुलूख दिले. तिथे राहणाऱ्यांना विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुढचं कामकाज वखारीवर चाले. सुरतेला होती तशीच वखार, फक्त बर्फात. क्री आणि इतर मूळ रहिवासी शिकार करून कातडी आणत. बदल्यात बंदुका, किटल्या, ब्लँकेटं मिळत. भाव बीव्हरच्या कातड्यांत लागे, म्हणजे कातडं हेच चलन. वखारीतला गोरा माणूस हिशेब लिही, माल मोजी आणि वर्षातून एकदा येणाऱ्या जहाजाची वाट पाही. आपल्याला सप्लाय चेन म्हणून जे माहीत आहे, ते हेच.

आता या साखळीत बायका कुठे होत्या बघा. हिवाळ्यात बर्फावरून चालायला जाळीचे जोडे लागतात. ते नसतील तर माणूस कमरेपर्यंत रुततो आणि शिकारही नाही, व्यापारही नाही. त्यांची जाळी बायका विणत. मऊ चामड्याचे मोकासिन बायका शिवत. मांस वाळवून, कुटून, चरबीत घालून पेमिकन बनवत. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या या खाण्यावर होड्यांचे तांडे हजारो मैल जात. कातडी खरवडून, ताणून, कमावून विकण्याजोगी करायचं कामही त्यांचंच. शिवाय दुभाषेपण आणि सोयरीक. ज्या टोळीतली बायको, त्या टोळीचा माल आपल्या वखारीत. हडसन बे कंपनीने सुरुवातीला वखारीत बायका ठेवायला बंदी केली होती, पण खालचे अधिकारी ती पाळत नसत. पाळून भागतच नव्हतं.

एकीचं नाव तरी लक्षात ठेवा: थानाडेल्थर. डेने जमातीची ही तरुणी क्री लोकांच्या कैदेतून पळून यॉर्क फॅक्टरी नावाच्या वखारीत पोचली. क्री आणि डेने यांचं वैर मिटल्याशिवाय उत्तरेचा माल मिळणार नाही, हे गव्हर्नर जेम्स नाइटला कळत होतं. 1715 मध्ये त्याने तिला कंपनीचा एक माणूस आणि क्री लोकांचा मोठा जथा देऊन पाठवलं. वाटेत उपासमार झाली, जथा फुटला. तिने पुढे एकटीने जाऊन आपल्या लोकांना शोधलं, घसा बसेपर्यंत समजावलं आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून तह घडवला. 1717च्या सुरुवातीला ती वारली. त्याच वर्षी कंपनीने तिच्या लोकांसाठी चर्चिल नदीच्या मुखाशी वखार उभारली.

बर्फ, भूक, शत्रू, शिष्टाई, सगळं आहे या गोष्टीत. मग मोठा सिनेमा ह्यू ग्लासवरच का निघतो? 1823 मध्ये अस्वलाने फाडलेला ग्लास मोहिमेवर भाड्याने घेतलेला शिकारी होता. त्याला पॉनी जमातीची बायको आणि मुलगा होता, याला कागदोपत्री आधार नाही. सिनेमावाल्यांना सूडासाठी कारण हवं होतं म्हणून त्यांनी एक बायको तयार केली आणि तिला मारून स्वप्नात ठेवली. खरी बाई असताना नाव घ्यायचं नाही, आणि खोटी बाई हवी तेव्हा मारायला काढायची. याला मी प्रेमकथा म्हणायला तयार नाही.

शेवटी हिशेब कसा मिटवला जाई तेही पाहा. कंपनीचा गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन याला मार्गारेट टेलर या मिश्र वंशाच्या बाईपासून मुलं होती. 1830 मध्ये तो लंडनला जाऊन स्वतःच्या चुलत बहिणीशी लग्न करून आला. मार्गारेटचं लग्न एका गवंड्याशी लावून दिलं गेलं. दुसरा व्यापारी विल्यम कॉनोली. क्री रिवाजाप्रमाणे 1803 मध्ये केलेल्या बायकोबरोबर, सुझानबरोबर, त्याने अठ्ठावीस वर्षं संसार केला. 1832 मध्ये मॉन्ट्रियलच्या बड्या घरातल्या ज्युलिया वूलरिचशी चर्चमध्ये लग्न लावलं. मुलाने कोर्टात दावा लावला आणि 1867 मध्ये न्यायाधीशाने निकाल दिला की पहिलं लग्न कायदेशीर होतं. तोवर सुझान जिवंत नव्हती.

हे सगळं सातासमुद्रापार झालं, असं वाटत असेल तर पिंपळे सौदागरच्या काठाने वाहणाऱ्या पवनेचं पाणी कुठे जातं ते बघा. दापोडीजवळ ती मुळेला मिळते आणि मुळा पुढे मुठेला. त्या संगमावर, आज जिथून सीओईपी हाकेच्या अंतरावर आहे तिथे, ईस्ट इंडिया कंपनीची रेसिडेन्सी होती. पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा पहिला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट 1786 मध्ये पुण्यात आला. 1790 मध्ये त्याने टिपूविरुद्ध मराठ्यांशी तह केला. त्या दरबाराचं भलंमोठं चित्र थॉमस डॅनिएलने रंगवलं. त्यात सवाई माधवराव आहेत, नाना फडणवीस आहेत, मॅलेट आहे.

मॅलेटच्या घरात अंबर कौर नावाची राजपूत बाई होती. तिला त्याच्यापासून तीन मुलं झाली. पुण्यात मॅलेटच्या आश्रयाला असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने तिचंही चित्र काढलं. वेल्स 1795 मध्ये वारला. 1798 मध्ये मॅलेट मायदेशी निघाला आणि 1799 मध्ये त्याने लग्न केलं ते सुझॅना वेल्सशी, म्हणजे अंबर कौरचं चित्र काढणाऱ्याच्या मुलीशी. मॅलेट घराण्याची वंशावळ पुढे चालते ती सुझॅनाच्या आठ मुलग्यांची.

त्यातला एक मुलगा ह्यू पॉइंट्झ मॅलेट. ठाण्याचा कलेक्टर. 1850 मध्ये त्याने माथेरानचा 'शोध' लावला, असं आपण शाळेपासून ऐकतो. ठाकर, कातकरी आणि धनगर त्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते आणि वाट दाखवायला माणसं स्थानिकच होती. तरी शोध साहेबाचा. बापाच्या घरातली बाई वंशावळीत नाही, मुलाच्या पुढे चालणारा वाटाड्या इतिहासात नाही. दर पावसाळ्यात आपण तिथे ट्रेकला जातो, साहेबाच्या नावाच्या झऱ्यापाशी फोटो काढतो आणि खाली कॅप्शन टाकतो: 'एक्सप्लोरर'.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: मग काय, खरं प्रेम नव्हतंच का? होतं की. जेम्स डग्लसने अमेलियाशी, म्हणजे वर आलेल्या सुझानच्या मुलीशी, फर-व्यापाराच्या मुलखात लग्न केलं. तो पुढे ब्रिटिश कोलंबियाचा गव्हर्नर झाला, पण मरेपर्यंत त्याने तिला सोडलं नाही. प्रेम होतं म्हणून काम नव्हतं, असं मात्र कुणी ठरवलं? आईचं आपल्यावर प्रेम असतं, तरी पहाटे डबा ती करतेच. प्रेम तिच्या बाजूने खरंच असेल. ते शब्द वापरून तिचा हिशेब बुडवणारे आपण असतो.

दुसरा आक्षेप: आज याचा काय संबंध? संबंध माझ्या चुलत बहिणीशी आहे. ती हिंजवडीत टेस्टिंगमध्ये होती, पगार चांगला. लग्न झालं, नवरा ऑनसाइट, ती एच-फोर व्हिसावर मागोमाग. या व्हिसावरच्या जोडीदाराला काही अटींवर काम करायची परवानगी 2015 पासून आहे, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीनकार्डचं प्रकरण एका टप्प्यापर्यंत पोचावं लागतं. तोवर घरीच. परक्या शहरात घर लावणं, बर्फात गाडी चालवायला शिकणं, डॉक्टर आणि शाळा शोधणं, रात्री अकराच्या कॉलआधी त्याच्यापुढे गरम ताट ठेवणं, हे सगळं ती करते. भाऊजी माणूस म्हणून वाईट नाहीत. पण त्यांची लिंक्डइनवरची पोस्ट मी वाचली आहे: दोन बॅगा घेऊन आलो, कुणी ओळखीचं नव्हतं, सगळं शून्यातून उभं केलं. पोस्टला हजारावर लाइक आहेत. दुसरी बॅग कुणी भरली होती?

कागदावर तिला 'डिपेंडंट' म्हणतात. आम्ही कोड लिहिणारे 'डिपेंडन्सी' हा शब्द उलट वापरतो. ज्या लायब्ररीवर आपला प्रोग्रॅम उभा असतो, जी काढली की सगळं कोसळतं, ती डिपेंडन्सी. तिची नावं आणि व्हर्जन लिहून ठेवणारी फाइल नसेल तर रिव्ह्यूमध्ये कोड परत येतो. यंत्राच्या बाबतीत इतकी शिस्त पाळणारी माणसं स्वतःची गोष्ट सांगताना ती फाइलच उडवतात.

म्हणून मला ही साहसकथा निरुपद्रवी करमणूक वाटत नाही. एकटा पुरुष, अफाट मुलूख आणि मागे धूसर दिसणारी बाई, हा साचा आपण पडद्यावर हजारदा बघतो आणि मग त्यातच स्वतःला भरतो. स्टार्टअपवाला पॉडकास्टवर 'मी एकट्याने' म्हणतो, तेव्हा पहिली दोन वर्षं घराचा हप्ता बायकोच्या पगारातून गेला हे वाक्य एडिट होतं. बाणेर-हिंजवडीच्या रस्त्यावरही जंगलातला तोच दाढीवाला चालत असतो, फक्त गळ्यात आयकार्ड असतं.

हडसन बे कंपनीने 2025 च्या जूनमध्ये आपली उरलीसुरली दुकानं बंद केली. 355 वर्षं चाललेली कंपनी कर्जात बुडाली. तिची गोष्ट मात्र जोरात चालू आहे, कारण ती फुकटात चालवायला आपण आहोत. सिनेमे जरूर बघा, गेम खेळा, मीही खेळेन. फक्त तो माणूस बर्फातून पावलं टाकत निघाला की त्याच्या पायांकडे बघा आणि ते जोडे कुणी विणले ते शोधा. आणि स्वतःच्या 'जर्नी'ची पोस्ट टाकण्याआधी त्यात तिचं नाव लिहा. 'माझी ताकद', 'माझा आधार' असलं गुळमुळीत काही नको. तिने काय काम केलं, किती वर्षं केलं आणि त्यासाठी काय सोडलं, ते लिहा.