काजऱ्याची बी आणि नातवाची गोळी

परवा नातवाचा फोन आला. यंदा बारावीला आहे. बोलता बोलता म्हणाला, "आजी, मित्राकडे जागरणाच्या गोळ्या आहेत. एक घेतली की रात्रभर अभ्यास होतो म्हणे. घेऊ का?" मला विचारलं, याचंच बरं वाटलं. पण नुसतं "नको" म्हटलं तर या वयाचं पोर थोडंच ऐकणार! चार दिवस वाचन केलं आणि मग उत्तर दिलं.

औषधाने शिकणं सुधारतच नाही, असं काही मला म्हणता येईना. १९१७ साली कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांना अगदी थोडं स्ट्रिक्निन दिलं, तर ते चक्रव्यूहातली वाट लवकर शिकले. स्ट्रिक्निन म्हणजे आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या बीतलं विष! ते मज्जासंस्थेचा लगाम सैल करतं. मात्रा वाढली की झटके येऊन जीव जातो.

पुढे जेम्स मॅकगॉ यांनी असली उत्तेजकं धडा संपल्यावर टोचली. तरीही नंतर उंदरांना धडा जास्त चांगला आठवला. लगेच टोचलं तर फायदा, काही तासांनी टोचलं तर नाही. म्हणजे धडा संपला तरी तो मेंदूत मुरत असतो, लोणच्यासारखा.

हे वाचून मी थबकले. इतकी वर्षं शिकवलं. घंटा झाली की इतिहासावर भूगोल, भूगोलावर गणित. "कालच तर शिकवलं होतं!" म्हणत किती मुलांना बाकावर उभं केलं असेल मी!

डॉक्टरांनी तपासून दिलेल्या औषधाबद्दल माझं म्हणणं नाही. पण मित्राच्या खिशातली गोळी? उंदरालाही वाट आधी स्वतःच धावावी लागली. औषधाने ती शिकवली नाही. आणि आपल्याला शिकलेलं मुरायला झोप लागते. ही गोळी नेमकी तीच पळवते.

नातवाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणतो, "पण कॉफी चालेल ना?" आता काय सांगणार! २०१३ च्या एका प्रयोगात साखरपाण्यातून कॅफीन दिलेल्या मधमाश्यांपैकी तिप्पट माश्यांना फुलाचा वास दुसऱ्या दिवशीही आठवला होता. म्हटलं, "एक कप घे. संध्याकाळी. आणि अकराला दिवा बंद."

दिवा बंद होतो की नाही, हे सूनबाईंना विचारायचं मात्र मी टाळते आहे. त्याने मला विश्वासाने विचारलं होतं ना!