राहून गेलेले

मराठीतले ‘राहणे’ हे क्रियापद मोठे लवचीक आहे. एखाद्या गावात पिढ्यानपिढ्या नांदणे म्हणजे राहणे, आणि प्रवासात दोन रात्रींपुरती खोली घेणे म्हणजेही राहणेच. त्याला ‘जाणे’ जोडले की ‘राहून गेले’ होते, आणि त्याचेही पुन्हा दोन अर्थ होतात. कोणी येऊन मुक्काम करून गेले, हा एक. काही सांगायचे राहून गेले, हा दुसरा. जुन्या ऐतिहासिक वास्तूंचे रूपांतर करून उभारलेल्या ‘बूटीक हॉटेल’ या प्रकाराचा विचार करताना हे दोन्ही अर्थ एकत्र ध्यानात ठेवावे लागतात, असे मला वाटते. अशी हॉटेले पहिल्या अर्थाच्या बळावर चालतात. दुसऱ्या अर्थाकडे त्यांचे, आणि आपणा पाहुण्यांचेही, सहसा लक्ष नसते.

हा विचार मनात आला तो शार्लटटाउनमध्ये. कॅनडाच्या पूर्वेकडील प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटाची ही राजधानी. २०२१च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३९ हजार. म्हणजे आपल्या हिशेबाने तालुक्याचे गाव. बंदराकडून ‘ग्रेट जॉर्ज स्ट्रीट’ नावाचा एक रस्ता वर चढतो आणि प्रॉव्हिन्स हाउस या जुन्या विधानभवनापाशी संपतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकोणिसाव्या शतकातली घरे आणि मध्ये सेंट डन्स्टन बॅसिलिकाचे उंच मनोरे. यांतली काही जुनी घरे एकत्र जोडून ‘द ग्रेट जॉर्ज’ हे हॉटेल झाले आहे. पूर्वीचे ‘पॅव्हिलियन हॉटेल’ त्यातच सामावले आहे. परिसरात अशी आणखीही मुक्कामाची ठिकाणे आहेत. त्यांतल्याच एका लहानशा ठिकाणी मी तीन रात्री राहिले. लाकडी जिने, उंच खिडक्या, चिनीमातीचा चहाचा संच आणि खोलीत ठेवलेली एक इतिहासपुस्तिका, असा सगळा थाट होता. तो मला आवडला, हे आधीच सांगते.

या साऱ्या पुस्तिकांचा नायक एकच असतो : १८६४ सालचा सप्टेंबर महिना. त्या वेळी ब्रिटिश उत्तर अमेरिकेतील वसाहतींचे २३ प्रतिनिधी शार्लटटाउनला जमले आणि पुढे १८६७ मध्ये जन्मलेल्या कॅनडा या संघराज्याची बोलणी तिथे सुरू झाली. त्यांतले काही जण पॅव्हिलियन हॉटेलात उतरले होते. ‘राष्ट्रपिते इथे राहिले होते’ हे वाक्य त्या रस्त्यावरच्या पर्यटनाचे भांडवल आहे.

गंमत अशी, की या प्रसंगातली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट खोली न मिळण्याची आहे. त्याच दिवसांत शहरात सर्कस आली होती, आणि तीही वीसहून अधिक वर्षांनी. बेटावरची माणसे तिच्यासाठी लोटली आणि मुक्कामाच्या जागा भरून गेल्या. कॅनडा प्रांताचे प्रतिनिधी ‘क्वीन व्हिक्टोरिया’ या आगबोटीतून आले, तेव्हा बेटाच्या सरकारातले विल्यम हेन्री पोप हे एका लहानशा होडीतून त्यांना सामोरे गेले. शहरात पुरेशा खोल्या नसल्यामुळे त्या पाहुण्यांपैकी बहुतेकांचा मुक्काम बोटीवरच राहिला. राज्यघटनेच्या चर्चेपेक्षा सर्कस पाहणे बेटावरच्या सामान्य माणसाला अधिक महत्त्वाचे वाटले. इतिहासकार हा किस्सा रंगवून सांगतात आणि पुढे जातात. मला मात्र तिथेच थांबावेसे वाटते. सर्कशीला आलेली ही माणसे कोण होती आणि ती बेटावर कशी राहत होती?

ती बहुतांशी कुळे होती. १७५८ मध्ये इंग्रजांनी बेटावरच्या हजारो फ्रेंच अकादियनांना हद्दपार केले. १७६७ मध्ये संपूर्ण बेटाचे ६७ भाग पाडून त्यांतले जवळजवळ सर्व लंडनमध्ये सोडतीने वाटून टाकले. ज्यांना ते मिळाले त्यांतल्या अनेकांनी बेटावर कधी पाऊलही ठेवले नाही. जंगल तोडून शेत करणाऱ्यांनी मात्र शंभर वर्षे खंड भरला. मिगमॉ आदिवासी तर या बेटाला ‘एपेग्वित्क’, म्हणजे ‘पाण्यात पहुडलेले’, म्हणत त्याच्याही कितीतरी आधीपासून तिथे राहत होते. सोडतीत त्यांचा विचारच नव्हता. मराठी वाचकाला, विशेषतः ज्याच्या घरात खोतीच्या आठवणी आहेत त्याला, ‘कूळ’ या शब्दाचे वजन समजावून सांगायला नको.

आणि हे सारे त्या परिषदेपासून दूरचेही नाही. १८६४च्याच मे महिन्यात, याच शार्लटटाउनमध्ये, कुळांचा संघ स्थापन झाला. खंड भरायचा नाही, अशी प्रतिज्ञा लोक घेऊ लागले. वसुलीसाठी शेरीफची माणसे येताना दिसली की पत्र्याची कर्णे वाजवून गावाला सावध केले जाई. १८६५च्या ऑगस्टमध्ये हॅलिफॅक्सहून सैन्य आणावे लागले. बेट संघराज्यात सामील झाले तेही लगेच नाही, तर १ जुलै १८७३ रोजी. त्यामागे रेल्वेच्या कर्जाचा भार होता, तसेच जमीनमालकांकडून जमिनी विकत घेण्यासाठी कॅनडाने देऊ केलेले आठ लाख डॉलरही होते. १८७५ मध्ये जमीन खरेदीचा कायदा झाला आणि कुळांना मालकीची वाट मोकळी झाली. म्हणजे बेटाच्या दृष्टीने पाहिले तर ‘इथे कोण राहिले’ यापेक्षा ‘इथे राहणाऱ्यांची जमीन कोणाची’ हा प्रश्न अधिक मोठा होता. माझ्या खोलीतल्या पुस्तिकेत मेजवान्या होत्या, शँपेन होती. कर्णे राहून गेले होते.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. हॉटेल हे विद्यापीठ नव्हे. ही घरे टिकली ती कोणीतरी पैसे घालून त्यांचे छप्पर, तुळया आणि विटा सांभाळल्या म्हणून. आणि तो पैसा पाहुण्याच्या भाड्यातून येतो. दमून आलेल्या प्रवाशाला जमीनधाऱ्याचा इतिहास वाचायला लावणे हा छळ नाही का? या युक्तिवादाचे पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. वापरात नसलेली वास्तू ढासळते, आणि संग्रहालये तरी किती करणार! परंतु उत्तरार्ध मान्य नाही. इतिहास सांगायचाच नसेल तर खोलीचे भाडे खोलीपुरते घ्यावे. पण ज्या क्षणी हॉटेल ‘इतिहासात राहा’ असे म्हणते, त्या क्षणी ते निवेदक होते. आणि निवेदकाने काय वगळले हे विचारण्याचा हक्क वाचकाला मिळतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी तर याच बेटावर एक उत्तम धडा आहे. एल. एम. माँटगोमेरी यांची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ (१९०८) ही कादंबरी जगभरचे वाचक इथे आणते. मुलगा हवा असताना चुकून आलेल्या एका अनाथ मुलीला त्या घरात राहू देतील की नाही, या ताणावर कादंबरीची सुरुवात उभी आहे. कॅव्हेंडिशमधले जे हिरव्या तक्तपोशीचे घर वाचक भक्तिभावाने पाहतात, ते लेखिकेच्या आजोबांच्या चुलत भावंडांचे होते. ती स्वतः आजी-आजोबांकडे वाढली. तरीही ते घर खोटे वाटत नाही. कारण ‘राहू द्या’ ही विनवणी कादंबरीने सांगितलेली असते आणि ती घेऊनच वाचक तिथे जातो. मोठ्या लोकांच्या मुक्कामावर उभ्या असलेल्या हॉटेलांना नेमके हेच साधलेले नाही.

आता काळही बदलतो आहे. शार्लटटाउनच्या रस्त्यावर कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅक्डोनल्ड यांचा बाकावर बसलेला पुतळा होता. पर्यटक शेजारी बसून छायाचित्र काढत. आदिवासी मुलांना घरांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांशी त्यांच्या सरकारचा थेट संबंध होता. मे २०२१ मध्ये कॅमलूप्स येथील अशा एका शाळेच्या आवारात नोंद नसलेल्या कबरी असण्याची शक्यता जाहीर झाली आणि शार्लटटाउनच्या नगरपरिषदेने तो पुतळा हलवला. पुतळा हलवावा की नाही यावर मतभेद होतील. मात्र घर हलवता येत नाही. त्याच्याविषयीचा मजकूर तेवढा वाढवता येतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. त्या पुस्तिकेला दोन पाने जोडावीत. एकावर १८६४च्या मे महिन्यातला कुळांचा संघ यावा आणि दुसऱ्यावर बेटाचे मूळ नाव व ते देणारे लोक. आणि आपण, जे वर्गात कादंबरीतल्या गाळलेल्या जागा शोधायला शिकवतो, त्यांनी प्रवासवर्णन लिहिताना खोलीच्या वर्णनाबरोबर एवढे तरी विचारावे, की इथे राहून गेलेले कोण, आणि सांगायचे राहून गेलेले कोण.