मुद्रा दोन भाषांची, मोल कोणाचे?

कॅलिफोर्नियातील शाळांतून बाहेर पडणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या शालान्त प्रमाणपत्रावर एक छोटीशी मुद्रा असते. इंग्रजी आणि तिच्याखेरीज आणखी एक भाषा या विद्यार्थ्याला वाचता, लिहिता व बोलता येते, एवढेच ती सांगते. २०११ साली गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही द्विभाषा-साक्षरतेची मुद्रा प्रथम अस्तित्वात आली. पुढे न्यूयॉर्क, इलिनॉय आदी राज्यांनी तिचे अनुकरण केले. वरवर पाहता हा कौतुकाचा एक निरुपद्रवी उपचार वाटेल. परंतु ज्या भूमीत तो जन्मला तिचा इतिहास पाहिला म्हणजे त्यामागील प्रश्नाची खोली ध्यानात येते.

सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वंशाच्या मुलांना न समजणाऱ्या इंग्रजीत नुसते बसवून ठेवणे म्हणजे त्यांना शिक्षणच नाकारणे होय, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली दिला होता. असे असूनही १९९८ साली याच कॅलिफोर्नियातील सुमारे ६१ टक्के मतदारांनी शाळांतील द्विभाषिक वर्गांवर कठोर निर्बंध घातले. ते उठविण्यास २०१६ साल उजाडावे लागले. त्या वेळी सुमारे ७३ टक्के मते निर्बंधांविरुद्ध पडली. म्हणजे मधली काही वर्षे राज्य पहिल्या इयत्तेत मुलाच्या घरची भाषा दाराबाहेर ठेवीत होते आणि बाराव्या इयत्तेत तीच भाषा टिकविल्याबद्दल त्याच्या प्रमाणपत्रावर मुद्रा उमटवीत होते. यापरती विसंगती कोणती?

या मुद्रेमुळे इंग्रजीचे महत्त्व घटेल, ही भीती मात्र निराधार आहे. इंग्रजीवरील प्रभुत्व ही तिची पहिलीच अट आहे. खरा धोका निराळ्याच दिशेने संभवतो. इंग्रजीभाषक घरातील मुलाने चार वर्षे वर्गात बसून स्पॅनिश शिकली तर ती त्याची कर्तबगारी ठरते. शेतमजुराच्या मुलाने तीच भाषा आईकडून आणली, तर ती दूर करावयाची उणीव मानली जाते. मूळ कायद्यानेही हा भेद पाळला होता. ज्यांची घरची भाषा इंग्रजी नव्हती, त्यांच्यावर इंग्रजीच्या आणखी एका चाचणीची अट त्याने लादली होती. शिवाय फ्रेंच वा स्पॅनिशसाठी तयार परीक्षा सहज मिळतात. लहान समाजांच्या भाषांसाठी त्या मिळणे दुरापास्त असते. अशा स्थितीत गुणवत्तेचे हे चिन्ह सुस्थितांच्या अंगावरील आणखी एक अलंकार होऊन बसण्याचा संभव आहे.

महाराष्ट्राने या प्रयोगाकडे केवळ कुतूहलाने पाहू नये. अमेरिकेत शनिवार-रविवारी मराठी शाळा चालविणाऱ्या मंडळींना आपल्या मुलांची मराठी तेथील शाळेने मोजावी असे वाटते, आणि ते रास्तच आहे. पण येथील शालान्त गुणपत्रिकेवर सामान्यतः तीन भाषांचे गुण असूनही मेळघाटातील मुलाची कोरकू, गडचिरोलीतील मुलाची गोंडी वा नंदुरबारमधील मुलाची भिली तीवर सहसा कोठेही दिसत नाही. पहिलीपासून हिंदी शिकविण्याचे आदेश २०२५ च्या जूनअखेरीस शासनाला मागे घ्यावे लागले. त्या वादात मुलाच्या माथी कोणती भाषा घालावी याची चर्चा उदंड झाली. मूल कोणती भाषा घेऊन शाळेत येते, हा प्रश्न मात्र बव्हंशी अनुत्तरितच राहिला.

प्रमाणपत्रावरील मुद्रेने भाषा शिकविली जात नाही. ती बारा वर्षांच्या वागणुकीवर शेवटी मारलेला शिक्का असते. पहिल्या दिवशी मुलाची भाषा वर्गात घेणारे शिक्षक, तिची पुस्तके आणि तिची रीतसर परीक्षा यांची तरतूद शासनाने आधी करावी. ती होईल तेव्हाच मुद्रेला अर्थ येईल. एरवी, ज्याच्या घरात ती भाषा जिवंत आहे तोच तिच्यापासून वंचित राहील, आणि राज्य मात्र आपल्या औदार्याचे कौतुक करीत बसेल.