आधी हाताची लेथ

मध्य प्रदेशात सौंसरजवळच्या जामसांवलीला निद्रिस्त हनुमानाच्या दर्शनासाठी नागपूरकडून येणाऱ्यांना बोरगावचं औद्योगिक क्षेत्र ठाऊक असतं. रेमंडचा कारखाना तिथलाच. सौंसर-पांढुर्ण्याकडची पोरं आयटीआय करून तिथे, नाहीतर हिंगणा-बुटीबोरीत काम शोधतात आणि हल्ली सगळ्यांना एकच हवं असतं: सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं मशीन.

मागणी रास्त आहे. पण तेवढ्यासाठी हाताची लेथ आणि मिलिंग मशीन अडगळीत टाकणं शहाणपणाचं नाही.

हा मुलूख कपाशीचा. जिनिंगमधला एखादा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला की त्यावर वेल्डिंगचा थर चढवून तो लेथवर परत मापात आणावा लागतो. समजा, 6205 नंबरचं बेअरिंग आहे. आतलं भोक 25 मिमीचं. शाफ्ट 0.02 मिमीनेही कमी उतरला तर बेअरिंग त्यावर सरकू लागतं आणि केलेली मेहनत वाया जाते. नवखा इथेच फसतो. टूल 0.05 मिमी आत गेलं की व्यास 0.10 मिमीने घटतो. टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचं हँडल जास्त पुढे गेलं म्हणून नुसतं तेवढंच मागे फिरवून भागत नाही. स्क्रूमधली ढिलाई काढायला बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणावं लागतं. शाफ्ट गरम असताना मायक्रोमीटर लावला तर तोही चकवतो: 40 अंशांनी तापलेलं 25 मिमीचं पोलाद सुमारे 0.01 मिमीने फुगलेलं असतं. म्हणजे गरमागरम बरोबर भरलेलं माप थंड झाल्यावर कमी.

सीएनसीवर हे प्रश्न संपतात थोडेच? टूल झिजतं, माप सरकतं, मशीनला मापाची दुरुस्ती म्हणजे ऑफसेट द्यावा लागतो. तो किती आणि कोणत्या दिशेला द्यायचा, हे हँडल फिरवलेल्या पोराला लवकर उमगतं. बाकीचे बटणं दाबत बसतात. (चुकीचा आकडा भरला तर टूल थेट चकवर आदळतं, त्याचा खर्च मालकाला विचारावा.)

टर्नर आणि मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, तेव्हा हाताची मशीन आणि सीएनसी, दोन्हींना वेळ आहे. हरिहरच्या मैसूर किर्लोस्करच्या, एचएमटीच्या जुन्या लेथ अजून अनेक वर्कशॉपांत चालतात. सीएनसीसाठी पैसे मागताना संस्थांनी आधी अशा मशीनच्या दुरुस्तीचे मागावेत. आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या जिनिंगवाल्यांनी झिजलेले शाफ्ट फेकू नयेत. पोरांना सरावाला द्यावेत.