कंबर दुखतेय? मेंदू दाखवा!

वीकेंडला अलिबाग! भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवायची, मांडव्याला उतरायचं आणि रूमवर पोचेपर्यंत कंबर धरलेली. एमआरआय म्हणतो, मणके ओके. मित्र म्हणतात, ‘मनाचे खेळ रे!’ त्यांना शिकागोची गोष्ट सांगा. तिथल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वानिया अपकारियन यांच्या टीमने नुकतीच कंबर धरलेल्या ३९ जणांचे मेंदू वर्षभर पुन्हा पुन्हा स्कॅन केले. २०१२ मध्ये निष्कर्ष आला : कपाळामागचा एक भाग आणि आत खोलवरचा, ओढ लावणारा भाग यांचं ज्यांच्यात सुरुवातीपासूनच जास्त गूळपीठ, त्यांचं दुखणं बहुतेक वेळा मुक्कामाला राहिलं. म्हणजे दुखणं खरंच, फक्त ते मणक्याच्या फोटोत दिसत नाही.

पण ३९ माणसं म्हणजे लोकलच्या डब्याचा एक कोपरा! म्हणून तर टीमने हे स्कॅन ‘ओपनपेन’वर खुले केले. कोणीही उतरवून घ्यावेत, ताडून पाहावेत. रेवस बंदरावर माशांची पाटी उचलणाऱ्या मावशींना हे लागू पडतं का, ते मात्र शिकागोचे मेंदू कसे सांगणार? तिथे इथलेही स्कॅन हवेत. आणि हो, दहा तास खुर्चीला चिकटलेल्या तुमचे-आमचेही!